ज्येष्ठांचं घर: कुठे, कोणाजवळ आणि कोणाच्या नावावर?

सायली_ठाणे

नमस्कार मंडळी. विषय आमच्या घरचा आहे, पण इथल्या बऱ्याच जणांच्या घरात तो सध्या चालू असणार, म्हणून मांडते.

आई 77 वर्षांची आहे. डोंबिवलीत जुन्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. बाबा गेल्यापासून एकटीच असते. मी ठाण्याला, भाऊ बंगळुरूला. गुडघ्यांमुळे तिचं खाली उतरणं जवळजवळ बंद झालंय. भाजीवाल्याची हाक आली की गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडते, आत पैसे आणि चिठ्ठी. तो भाजी भरतो, उरलेले सुट्टे पैसे कोथिंबिरीच्या जुडीत खोचतो आणि दोरीला दोन हिसके देतो. एवढाच तिचा खालच्या जगाशी व्यवहार उरलाय, बाकी सगळं फोनवर.

भावाचं म्हणणं, फ्लॅट विकू आणि आईने सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे राहावं. माझ्याकडे वन बीएचके आहे आणि सासू-सासरे आमच्यातच असतात. एका मावशीने वृद्धाश्रमाचं नाव काढलं तर घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही. आईचं एकच, "मी इथेच बरी आहे." पण ती बरी नाही, हे मला दिसतं.

तुम्ही काय सोय केलीत? काय जमलं, काय अंगाशी आलं, ते मोकळेपणाने लिहा.

निवांत_सातारा

सहा-सहा महिन्यांचं अजिबात करू नका. माझ्या आईचं आम्ही तिघा भावांनी असंच केलं होतं, पाळी लावून. दर खेपेला डॉक्टर बदलायचे, गोळ्यांच्या चिठ्ठ्या हरवायच्या, चष्मा एकीकडे आणि कवळीची डबी दुसरीकडे. तिन्ही घरांत सगळे प्रेमाने करायचे, यात शंका नाही. पण कुठल्याच घरात तिचं स्वतःचं कपाट नव्हतं. बॅग कायम पलंगाखाली असायची आणि पुढची पाळी कधी, ते ती कॅलेंडरवर बघत बसायची.

आता आम्ही दोघं सत्तरीच्या पुढे आहोत. मुलाने त्याच सोसायटीत शेजारच्या इमारतीत फ्लॅट घेतलाय. चूल वेगळी, रात्रीचं जेवण बहुतेकदा एकत्र. नातू शाळेतून थेट आमच्याकडे येतो. जमत असेल तर यासारखी सोय नाही. आता हे जमायला दोन्ही घरांपुरता पैसा लागतो, तेही खरंच.

वाडीवरचा

मी राजापूर तालुक्यातला. आमच्याकडे प्रश्न उलटा आहे, घरं मोठी आणि माणसं नाहीत. ओटी, माजघर, पडवी, मागे गोठा आणि आत एकटी काकू.

2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 बायका निघाल्या, आणि जिल्ह्याची एकूण लोकसंख्या 2001 पेक्षा कमी भरली. सिंधुदुर्गातही लोकसंख्या घटली. पुरुष मुंबईला आणि बाई गावी, ही रीत गिरण्यांच्या काळापासूनची. पण पूर्वी चाकरमानी निवृत्त झाला की गावी परतायचा, घर शाकारायचा, कलमं लावायचा. आता तो नातवंडांसाठी विरार-बदलापूरलाच थांबतो आणि गावी गणपतीला आणि शिमग्याला तेवढा येतो. मागे राहते ती त्याची म्हातारी आई नाहीतर विधवा वहिनी.

इतकी वर्षं हे निभावलं ते वाडीमुळे. काकूचं पुढचं दार सकाळी उघडलेलं दिसलं नाही की शेजारची वहिनी हाक मारणारच. ताप आला तर पेज येते, सांगावं लागत नाही. पण आता ती हाक मारणारी वहिनीच सत्तरीला आलीय आणि तिचीही मुलं मुंबईत. 75 च्या पुढे एसटी फुकट झाली ही फार चांगली गोष्ट झाली, तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत काकू फुकट जाते. पण थांब्यापासून घरापर्यंतची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढायची कशी? आम्ही मुंबईतल्या भावंडांनी वर्गणी काढून गावातल्या एका रिक्षावाल्याशी महिन्याचं ठरवलंय. तो मागच्या बाजूने, बागेतून काढलेल्या कच्च्या रस्त्याने अगदी अंगणात येतो. तो रस्ता करायला तीन घरांच्या हद्दीतून जागा मागावी लागली. तिघांनीही दिली.

सायलीताई, आई म्हणते "इथेच बरी" तर तिथे तिला काय बरं वाटतं ते नीट विचारा. घर की माणसं? काकूला मुंबईला नेलं होतं. तिचं म्हणणं, बोलायला कोण नाय, मग जेवण गोड लागत नाय.

अश्विनी_नाशिक

वरचे सगळे प्रतिसाद वाचले, पटले. पण मला एक विचारायचंय. या सगळ्या सोयींत रात्री कोण उठणार?

माझ्या सासूबाई शेवटची बरीच वर्षं अंथरुणाला होत्या. आमच्याकडेच होत्या आणि माझा त्यांच्यावर जीव होता, हे आधी सांगते. दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. डायपर, पातळ भाताचे घास, औषधं, आणि त्यांना ओशाळं वाटू नये म्हणून चाललेल्या गप्पा. दिवसा ब्युरोची बाई यायची, पण ती सणाला गावी गेली की बदली बाई मिळेलच याचा भरवसा नसायचा. मी नोकरी सोडली. सोडायची की नाही यावर घरात चर्चाही झाली नाही, ते सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. दीर आणि नणंदा फोनवर रोज चौकशी करायच्या, आणि कोणतं तेल लावायचं तेही सांगायच्या.

म्हणून सांगते, आई कुठे राहणार हे ठरवायला भावंडं बसाल तेव्हा तीन गोष्टींचा निकाल त्याच बैठकीत लावा. रात्र कोणाची, पैसे कोण किती देणार, आणि जी व्यक्ती प्रत्यक्ष करतेय तिला वर्षातून सुट्टी कधी. आणि त्या बैठकीत सून असायलाच हवी. पुष्कळ घरांत हा निर्णय मुलगे घेतात आणि राबते ती जिला कोणी विचारलेलं नसतं.

वकीलकाकू

सायली, फ्लॅट कोणाच्या नावावर आहे? विकायची भाषा चालली आहे म्हणून विचारते. आणि बाबांनी मृत्युपत्र केलं होतं का?

सायली_ठाणे

अश्विनीताई, तुमचा प्रतिसाद मी भावाला आणि वहिनीला जसाच्या तसा पाठवला. वहिनीचा फोन आला, बराच वेळ बोलली. तिच्या मनातलं पहिल्यांदाच कळलं.

वकीलकाकू, फ्लॅट बाबांच्या एकट्याच्या नावावर आहे. मृत्युपत्र नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणून भावाचं नाव आहे, त्यामुळे तो त्याचाच झाला असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

वकीलकाकू

तसं नाही, आणि हा गैरसमज घरोघरी आहे. नॉमिनी हा मालक नसतो. वारस ठरेपर्यंत सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा, एवढ्यापुरतं ते नाव असतं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असेल तर ती, या सगळ्यांचा समान हिस्सा असतो. तुमच्या आजी हयात नाहीत असं धरते. म्हणजे आई, तुम्ही आणि भाऊ, प्रत्येकी एक तृतीयांश. तुम्हा तिघांच्या सह्यांशिवाय तो फ्लॅट विकताच येणार नाही, आणि त्यात आईचीही सही लागते हे लक्षात घ्या.

माझा सल्ला घ्यायचा तर तुम्ही दोघा भावंडांनी आपापला हिस्सा आईच्या नावे सोडावा. नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. फ्लॅट पूर्णपणे तिच्या नावावर येऊ दे. मग तिला मृत्युपत्र करायचं तर ते करेल. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार लागतात आणि मन बदललं तर ते कधीही बदलता येतं.

माझ्याकडे येणारी निम्मी दुःखं उलट्या वाटेने आलेली असतात. महाराष्ट्रात मुलगा, मुलगी, नातवंडं यांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. स्वस्त पडतं, "नंतर कटकट नको" असं कोणीतरी सुचवतं आणि आईवडील सही करतात. बक्षीसपत्र एकदा नोंदलं की देणाऱ्याला ते आपल्या मर्जीने मागे घेता येत नाही. त्या दिवसापासून ते आपल्याच घरात दुसऱ्याच्या मर्जीवर राहतात. कितीही चांगली मुलं असली तरी हे करू नये असं माझं ठाम मत आहे. आणि करायचंच असेल तर त्यात दोन कलमं असलीच पाहिजेत. एक, तहहयात त्या घरात राहण्याचा हक्क. दुसरं, सांभाळ करण्याची अट.

एडिसनहून_श्रीरंग

परदेशातली, म्हणजे अमेरिकेतली, बाजू सांगतो. आई-बाबा आधी व्हिजिटर व्हिसावर यायचे, एका खेपेला साधारण सहा महिने. मी नागरिक झाल्यावर त्यांचं ग्रीन कार्ड केलं. मनात चित्र असं होतं की आता सगळे एकत्र. पण नव्याने आलेल्या ज्येष्ठांना मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा विकत घ्यायलाही सलग पाच वर्षं राहावं लागतं, तोवर खाजगी विमा. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे बाबांना गाडी चालवता येत नाही. इथे गाडी नसलेला माणूस घरात अडकतो. पुण्यात रोज सकाळी टेकडी, मग कट्ट्यावर पेपर, असा त्यांचा दिवस. इथे जानेवारीत खिडकीशी बसून ते माझ्या घरी येण्याच्या वेळेची वाट बघायचे. त्यांनीच एक दिवस शांतपणे सांगितलं, आम्हाला परत जायचंय.

आता ते कोथरूडला आहेत. दुरून जेवढं होतं तेवढं मी करतो: वीजबिल, सोसायटीचं देणं, औषधं घरपोच, विम्याची कागदपत्रं. कॅमेरे बसवायचं मी सुचवलं तेव्हा बाबा म्हणाले, "हॉलमध्ये नको. मी बनियनवर बसतो, डुलक्या काढतो, ते कोणी बघावं असं मला वाटत नाही." मग फक्त दारावर बसवला. ते म्हणाले ते योग्यच होतं. आपल्या काळजीपोटी त्यांचं खाजगीपण जातं आणि आपल्याला ते जाणवतही नाही.

सुनंदा_पाषाण

मी 79 वर्षांची आहे, तेव्हा इथे ज्यांच्याविषयी बोलणं चाललंय त्यातलीच एक समजा. टाइप करायला वेळ लागतो, पण लिहिते.

मिस्टर गेल्यावर मी ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला आले. पुण्यात अशा वसाहती बरीच वर्षं आहेत, अथश्री हे सगळ्यांच्या ओळखीचं नाव. मुलांनी मला इथे ठेवलेलं नाही. मी चार जागा फिरून पाहिल्या, दोन ठिकाणी जेवून पाहिलं आणि मग ठरवलं. मुलाला वाईट वाटलं. लोक काय म्हणतील, हे त्याने बोलून दाखवलं नाही पण होतं मनात. आता तो आला की चार दिवस राहतो, आणि आमच्या गप्पा औषधांपलीकडच्या होतात.

वृद्धाश्रम म्हणजे हल्लीच्या मुलांचं पाप, असं बोललं जातं. पुण्याचं निवारा, म्हणजे डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह, एकोणिसाव्या शतकातलं आहे. सरकारने 1995 मध्ये मातोश्री वृद्धाश्रमांची योजना काढली. निराधार म्हातारी माणसं तेव्हाही होती. नवीन आहे ते एवढंच, की हातीपायी धड असताना, पेन्शन असताना माणूस स्वतःहून अशी जागा निवडतो.

पण डोळे उघडे ठेवून निवडा. मी ज्या गोष्टी विचारल्या त्या सांगते. अंथरुणाला खिळले तर इथेच ठेवणार की न्या म्हणणार? बहुतेक ठिकाणी "चालते-फिरते असेपर्यंत" अशी अट असते आणि ती बारीक अक्षरात असते. डिपॉझिट परत कधी, किती कापून? महिन्याचा खर्च दरवर्षी किती वाढतो? माझ्यामागे फ्लॅट मुलाला मिळाला तर तो पन्नाशीचा असताना इथे राहू शकेल का, की विकावाच लागेल? रात्री घंटा दाबली तर कोण येतं, नर्स की वॉचमन? महारेराने, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात. रुंद दारं, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, उतार, न घसरणारी फरशी, न्हाणीघरात धरायला दांडे. जाहिरातीतल्या कारंज्यापेक्षा ते दांडे आहेत का ते बघा. मी प्रत्येक ठिकाणी आधी न्हाणीघर पाहिलं.

लहान मुलांचा आवाज मात्र इथे नसतो. त्याची सवय अजून झालेली नाही.

माजलगावचा

सुनंदाताईंचा प्रतिसाद फार आवडला. पण मंडळी, हे सगळं फ्लॅट आणि पेन्शनवाल्यांचं झालं. आमच्या बीडकडचंही ऐका.

दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयता निघतो. नवरा-बायको उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन साखर कारखान्यावर जातात, ते उन्हाळा लागेपर्यंत येत नाहीत. गावात राहतात म्हातारे-म्हातारी आणि शाळेतली नातवंडं. माझ्या चुलत्याच्या घरी 70 वर्षांची आजी आणि तीन पोरं. पाणी भरणं, भाकरी, पोरांना शाळेत घालणं, शेरडं सांभाळणं, समदं तिच्यावर. पोरांची शाळा बुडू नये म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. त्यात पोरांना जेवण मिळतं. पण रातच्याला पोरगं तापलं तर उठणारी आजीच. म्हणजे इथे म्हाताऱ्यांना कोण सांभाळणार हा प्रश्नच नाही, म्हातारेच घर सांभाळतात.

आणि त्यांना मिळतं काय? श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500. त्यासाठी वय 65, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21,000 च्या आत. आज 21,000 च्या आत उत्पन्न म्हणजे काय, याचा विचार करा. दाखला आणायला तहसीलला खेटे. पैसे काढायला गेलं तर जन्मभर खुरपं धरलेल्या हाताचा अंगठा मशीनवर उमटत नाही. मी गावी असलो की आजीला बँकेत घेऊन जातो. नसलो की ती तशीच परत येते.

माझी मागणी साधी आहे. उत्पन्नाची ही मर्यादा वाढवा, आणि ज्यांचा अंगठा लागत नाही त्यांच्याकरता हंगामात महिन्यातून एक दिवस बँकेचा माणूस गावात बसवा.

अश्विनी_नाशिक

माजलगावचा, हे इथे लिहिलंत ते बरं झालं. माझ्या डोक्यात "सांभाळणारी" म्हणजे सूनच होती.

केदार_विलेपार्ले

एकटेपणावर थोडंसं. पुण्यात माधव दामले यांनी 2012 मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी लिव्ह इन रिलेशनशिप मंडळ काढलं. माझ्या आत्याने साठीनंतर अशीच सोबत स्वीकारली. त्यांनी लग्न केलं नाही, त्यात पेन्शनचाही भाग होता. ईपीएस 95 या पीएफवाल्या नोकरदारांच्या पेन्शन योजनेखाली विधवेला मिळणारं निवृत्तिवेतन पुनर्विवाह केला की थांबतं. दोन्हीकडच्या मुलांना आधी धक्का बसला. घरं कोणाची, हे दोघांनी कागदावर स्पष्ट केल्यावर विरोध मावळला. दोघं मजेत आहेत.

सायली, एक महत्त्वाचं. इमारत जुनी आहे म्हणताय, पुनर्विकासाची हालचाल आहे का? 2019 पासून सोसायटीच्या पुनर्विकासाला 51 टक्के सभासदांची संमती पुरते. आईचं नाव सभासद म्हणून लागलेलं नसेल तर तिचं मत कोण देणार आणि मधल्या काळातलं भाडं कोणाच्या खात्यात येणार, हे प्रश्न उभे राहतील. वकीलकाकू म्हणतात ते कागद लवकर करा.

सायली_ठाणे

हालचाल आहे, दोन बिल्डर येऊन गेलेत. भाऊ हक्कसोडपत्राला लगेच हो म्हणाला.

वाडीवरचा, तुम्ही सांगितलं तसं आईला विचारलं. या वेळी मधे न बोलता ऐकलं. तिला तो फ्लॅट नकोच आहे! तिला गल्ली हवी आहे. भजनी मंडळ त्याच गल्लीत जमतं, जिन्यामुळे तिचं तेही सुटलं. डॉक्टर कोपऱ्यावर. समोरच्या सुलभाकाकू, ज्यांच्याशी ती गॅलरीतून बोलते. आता त्याच गल्लीत तळमजल्यावर भाड्याची जागा शोधतोय. तिसऱ्या मजल्याचा फ्लॅट भाड्याने देऊन बराचसा खर्च निघेल, उरलेला भाऊ देणार. आईच्या अटी: गॅस तिचा, किल्ली तिच्याकडे, आणि चोवीस तासांची बाई नको, सकाळची दोन तास पुरे. ही शेवटची अट मला पटलेली नाही, त्यावर वाद चालू आहे. रात्रीसाठी तळमजल्याच्या शेजाऱ्यांशी बोलणार आहे.

विलास_करवीर

वकीलकाकू, आमच्याकडे नेमकं ते उलटंच झालंय. वडिलांनी घर आणि दीड एकर धाकट्या भावाच्या नावे बक्षीसपत्राने करून दिलं. आता आई-वडील दोघांना त्याने मागच्या खोलीत ठेवलंय, जेवणाचेही हाल आहेत. कागदात सांभाळायची अट लिहिलेली नाही. काही करता येईल का?

वकीलकाकू

विलास, येईल. 2007 चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा आहे. त्याच्या कलम 23 खाली, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेणाऱ्याने सांभाळ केला नाही तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. अट लिहिलेली नसणं ही तुमची अडचण आहे. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी अट सिद्ध झाली पाहिजे असं धरलं होतं. जानेवारी 2025 च्या निकालात मात्र हा कायदा ज्येष्ठांच्या हिताचा आहे, तेव्हा त्याचा अर्थ उदारपणे लावा असं न्यायालयाने म्हटलं. त्या प्रकरणात आईने वेगळ्या कागदावर मुलाकडून सांभाळाचं वचन घेतलेलं होतं. म्हणून घरात शोधा. त्याच सुमाराची चिठ्ठी, स्टॅम्पपेपर, पंचांसमोर लिहिलेलं काहीही.

रद्द होवो न होवो, निर्वाहखर्च मागता येतोच. तो दरमहा कमाल 10,000 पर्यंत मिळू शकतो. अर्ज प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यावा असं कायदा सांगतो, प्रत्यक्षात वेळ लागतो. निर्वाहाची मागणी तुमच्यावरही येऊ शकते, कारण तुम्हीही मुलगा आहात. त्याची तयारी ठेवा. भावाच्या बायकोला घराबाहेर काढायची भाषा मात्र अर्जात नको. तिचा त्या घरात राहण्याचा हक्क कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली वेगळा तपासावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय.

जेवणाचे हाल आजच थांबवायचे असतील तर 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला फोन करा. अर्ज आईवडिलांनी स्वतः करायचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या व्यक्तीने. तेव्हा कागद जमवायच्या आधी दोघांना तुमच्या घरी घेऊन या, धाकट्याच्या नजरेआड बसवा, आणि त्यांना हे करायचंय का ते विचारा. वडिलांना वेगळं आणि आईला वेगळं.